केशवभाऊचा फुकटचा तक्ता

अख्ख्या नंदनवन वस्तीत माह्यासारखा रंगाचा हात कोनाचा नाही. माह्या घरच्या भिंतीचे पोपडे जेवताना ताटात पडते, ते सोडून द्या.

तं असा मी कारागीर, अन् माह्यावर ठेकेदार कोन? केशवभाऊ. हा मानूस भिंतीकडे पाहतच नाही. सकाळी साइटवर आला का पुट्टीची बालटी पालथी घालते, तिच्यावर बसते, घोडीच्या, म्हंजे आमच्या शिडीच्या, पायरीवर लॅपटॉप ठेवते अन् म्हनते, "आधी चौकटीत टाक, मंग भिंतीले लाव."

भाऊनं जरीपटक्याच्या बाजारातून जुना लॅपटॉप आनला होता. भाच्यानं त्याच्यात कामाचं टाइमटेबल लावाचं रेडीमेड टेम्प्लेट फुकटात उतरवून देल्लं. डाव्या बाजूले मानसायची नावं, वरतं तारखा, मधात ज्याचं त्याचं काम. दुसऱ्यायची नावं खोडा, आपली टाका, झालं. पन भाऊचा बाप हातमागावर लुगडी विने. उभे-आडवे धागे पाहतच वाढलेला मानूस, त्या रेघा दिसल्या अन् गडी कामातून गेला.

टेम्प्लेट होतं कोन्त्यातरी मोठ्या हापिसचं. पहिल्याच ओळीत होतं, रोज नऊ वाजता मीटिंग. भाऊनं ती ओळ खोडून पाहिली तं खालच्या सगळ्या चौकटी लाल झाल्या. तवापासून त्यानं तिले हात लावला नाही. मंग काय, मीटिंग. आमी चार पेंटर, बनियानवर, चहाचे गिलास धरून गोल उभे. आज काय कराचं? रंग लावाचा. काल काय केलं? रंग लावला. भाऊ मान हलवे, टाइप करे, एका बोटानं. तेवढ्यात माह्या एका भिंतीले पॉलिशपेपरचा घसारा मारून झाला असता. म्हंजे मी मारला नसता, पन झाला असता.

मी चौथी नापास, तेबी दोनदा. पन एवढं मलेबी समजते का भिंतीत वल असली तं पुट्टी सुकत नाही. मंग तुमी चौकटीत हिरवं भरा नाहीतं गुलाबी. हे मी भाऊच्या मांगं रोज बोलो. समोर बोलाची हिंमत नव्हती, हजरी त्याच्याच हातात.

त्या हप्त्यात आमी एका काकूचं घर रंगवून राहिलो होतो. रविवारी तिच्या पोरीचं साक्षगंध, तेबी हॉलमध्येच. शनिवारी संध्याकाळी हॉल तयार पायजे, नाहीतं पोराकडचे लोक अर्धी भिंत पाहून जातीन अन् भाऊले नंदनवनात कोनी उभं करनार नाही. काकूनं हे आमाले रोज दोनदा सांगतलं.

सोमवारच्या मीटिंगले मी त्या लॅपटॉपात डोकावलो. आपलं नाव, वार अन् मोठी अक्षरं तेवढी मले वाचता येते. माह्या नावापुढं गुरुवारची चौकट रिकामी. बाकीच्यायले काम, मले नाही. अन् हॉलच्या रंगाचा दुसरा हात पडला होता थेट पुढच्या सोमवारी. हापिसचं टेम्प्लेट ना ते, शनिवार-रविवार आपसूक सुट्टी, काम उडी मारून पलीकडं. भाऊले ते दिसलंच नाही. मले दिसलं.

मी बोललो नाही. काहून बोलू? मले घरी बसवते ना, पाहू मंग त्याची चौकट काय करते. गुरुवारी मी दिवसभर पानठेल्यावर बसलो अन् येईल त्याले भाऊचे किस्से सांगतले. शुक्रवारीबी गेलो नाही, फुगून होतो.

शनिवारी दुपारी काकूचा फोन. म्हने, तुमचा ठेकेदार एकटाच घोडीवर चढला हाय, पडला तं आमचं साक्षगंध ऱ्हाईन बाजूले. मी चप्पल घातली. मदतीले नाही, मजा पाहाले.

भाऊ खरंच एकटा. खांद्यानं आखडलेला मानूस, रोलर दोन हातायनं धरून, अर्धा रंग भिंतीवर, अर्धा केसात. बाकीचे तिघं सुट्टीवर. एक काटोलले गेला होता, दोघं आपापल्या कामाले.

"बलाव ना त्यायले," मी म्हनलं.

"सुट्टी देल्ली म्हनून सांगतलं होतं गा त्यायले. चुकी माही हाय. तुले दिसली होती का रे ते सोमवारची चौकट?"

मी रोलर घेतला. भाऊले खाली उतरवलं. दिवे लागाच्या आत दुसरा हात झाला. काकूनं भिंतीवरून नजर फिरवली अन् पहिल्यांदाच साक्षगंधाची आठवन न देता चहा देल्ला.

चहा पेता पेता भाऊ म्हने, "तुह्या पोट्टीचं ग्राउंड कसं झालं?"

"कोन्तं ग्राउंड?"

भाऊनं माह्याकडं पाहिलं. मंग लॅपटॉप उघडला अन् गुरुवारच्या माह्या रिकाम्या चौकटीवर माऊसचा बाण नेला. तिच्यावर बाण थांबला का बारीक अक्षर निघते, हे मले ठाऊक नव्हतं. त्यानंच वाचून दाखवलं. "पोलीस भरती, पोरीची दौड. बाप सोबत पायजे."

तवा मले समजलं, दर रविवारी हा मानूस आमच्या चौघायच्या घरी फोन लावते. येत्या हप्त्यात घरी काय हाय, इचारते. बायका सांगते. मंग आमच्या चौकटी रिकाम्या ठेवते. मी बाकीच्या ओळी पाहिल्या, सगळ्यायच्या मधात एखादी मोकळी चौकट होती. भाऊच्या ओळीत एकबी नव्हती, महिनाभर काम ठासलेलं.

"तुहीच ओळ कशी भरली गा सारी?"

"माह्या घरी फोन लावला तं कोन उचलते?" त्यानं लॅपटॉप मिटला.

घरी आलो. पोरगी अंगनात बूट धुवून राहिली होती. मी लाडात येऊन म्हनलं, काय मॅडम, ग्राउंड कसं झालं?

तिनं मान वर केली नाही. "गुरुवारी झालं बाबा. पास झाली. मी अन् आई बसमधून उतरलो तं तुमी पानठेल्यावर भाऊची अक्कल काढून राहिले होते."