नवनगरचं स्थळ

हुबळीच्या कापडपेठेत, एका साड्यांच्या दुकानाच्या माडीवर आमचं वधू-वर सूचक मंडळ आहे. मी त्याचा मानद सचिव. दारावर पाटी आहे : 'येथे जातपात पाहिली जात नाही.' दरवर्षी ती रंगवून घेण्याचा ठराव एकमताने मंजूर होतो.

पूर्वी स्थळं फायलींत असायची. आता संगणकावर रकाने आहेत. डावीकडच्या रकान्यात बोट ठेवलं की उजवीकडे दुसरा उघडतो, त्यात ठेवलं की तिसरा. गाव, शिक्षण, पगार, उंची, चष्मा असं करत शेवटच्या रकान्यात जावई हसत उभा. कार्यकारिणीने शिस्त म्हणून नियम केला : एका स्थळाला एका रकान्यात एकच जागा.

घोळ घातला तो अंबूताईंच्या भार्गवीने. मुलगी धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात इंजिनिअर, राहायला नवनगर.

"हुबळीत घालू की धारवाडात?" मी अंबूताईंना विचारलं.

"नवनगरातच घाला की हो अण्णा. मधेच तर आहे."

"मधे रकाना नसतो, अक्का."

हुबळीत घातली, तर हुबळीकर म्हणाले, ही धारवाडची, लांब पडते. धारवाडात घातली, तर तिकडच्यांनी नाक मुरडलं : हुबळीचं वारं लागलेली मुलगी नको. शेवटी उपसमिती नेमली. तिने गहन विचार करून नवनगरची तमाम स्थळं 'इतर'मध्ये टाकली आणि चहा घेऊन विसर्जित झाली.

'इतर' कोण उघडतो? भार्गवी तिथे पडून राहिली.

बाकीचे रकाने मात्र फोफावले. कुणाला नोकरीवाली पण घरीच असणारी सून हवी, कुणाला एकुलता एक पण बहीणभावांत वाढलेला जावई. मागणी आली की आम्ही रकाना उघडत गेलो. उजवीकडे नवे येत, डावीकडचे सरकून दिसेनासे होत. प्रगती म्हणतात ती हीच.

"पोरीचं वय वाढतंय हो अण्णा, आणि तुमचे रकाने पण!" अंबूताई पदराला डोळे पुसत म्हणाल्या.

त्या दिवशी भार्गवीही सोबत आली होती, आणि चांगलीच तापली होती. "तो 'इतर' उघडा बघू." उघडला. आत तिच्याखेरीज एकच स्थळ होतं. प्रभंजन, नवनगर.

"अय्यो, हा तर रोज आमच्याच बसला असतो!"

मग काय! बस तीच, पण दोघं आता शेजारी बसू लागली. शिक्षण जुळलं, पगार जुळला, चष्म्याचा नंबरसुद्धा जुळला. अंबूताई धारवाडी पेढे घेऊन माडी चढल्या. मला खरंच भरून आलं. मंडळाच्या इतिहासात यंत्रणेने जुळवलेलं हे पहिलंच लग्न.

"आता एकदा पहिल्यापासून दाखवा की," त्या कौतुकाने म्हणाल्या.

मी डावीकडे सरकवत गेलो. चष्मा, उंची, पगार, शिक्षण, गाव. आणि गावाच्याही डावीकडे एक रकाना होता. त्यात एकाखाली एक जाती होत्या. अगदी तळाशी, गावांत पडायचा तो उपसमितीच्या नजरचुकीने इथे पडलेला 'इतर'.

अंबूताईंनी पेढ्यांचा डबा बंद केला. "म्हणजे ही दोघं 'इतर'मधून आली, ह्यातल्या एकाही जातीतून आलीच नाहीत?"

"नाही."

"मग तो ह्यातला कुठला?"

भार्गवीनेच सांगितलं. तिला बसमध्ये पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"आम्ही नाही हो मानत असलं," अंबूताई हळूच म्हणाल्या. "पण पाहुणे काय म्हणतील?"

"आई, बाहेरची पाटी वाच," भार्गवी म्हणाली, "आणि पेढे दे इकडे." तिने एक मला दिला, एक स्वतः खाल्ला.

लग्न ठरल्या दिवशी झालं. आई आली, डोळे सुजवून का होईना, पण आली. पत्रिका मंडळाच्या प्रत्येक सभासदाला गेली होती आणि त्यातला एकही जातपात मानणारा नाही. पण कार्यालय पडलं नवनगरात. हुबळीकरांना ते लांब पडलं आणि धारवाडकरांनाही. खुर्च्या रिकाम्या राहिल्या. माझाही नाइलाज झाला. नेमकी त्याच दिवशी पाटी रंगवायची होती.

पत्रिका तुम्हालाही होती. तुम्ही कुठेही दिसला नाहीत म्हणे. तुम्हालाही लांबच पडलं असेल, नाही का?