अकरा मिनिटांत कपाट

नेतृत्वावरचा माझा निबंध आदल्या दिवशीच लिहून तयार होता. प्रसंग तेवढा घडायचा राहिला होता!

व्यवस्थापन शिकवणाऱ्या एका नामांकित संस्थेच्या अर्जात अट होती: तुम्ही नेतृत्व केल्याचा एक प्रसंग लिहा आणि तो प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं पत्र जोडा. आता मी चार वर्षं विम्याच्या कचेरीत फायलींना नंबर टाकणारा माणूस. घरी आई म्हणाली, नेतृत्व राहू दे, आधी तो ओला टॉवेल पलंगावरून उचल. पण नशीब बघा, साहेबांना तिसऱ्या मजल्यावरचं लोखंडी कपाट दुसऱ्या मजल्यावर हवं होतं आणि ते लिफ्टमध्ये मावत नव्हतं. मी छाती काढून पुढे झालो. काम झालं की साहेब पत्र देणार होते. अर्ज त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंतच घेणार होते, पण मला कसली काळजी? निबंधात मी लिहूनच टाकलं होतं की सहा जणांना हाताशी धरून मी अकरा मिनिटांत कपाट खाली आणलं.

अकराव्या मिनिटाला कपाट जिन्याच्या वळणावर आडवं अडकलं. मी जिना मोजला होता, कपाट मोजलं होतं. कठडा मोजायचा राहिला! त्यात वीज गेल्यानं लिफ्ट बंद, साहेब कपाटाच्या खालच्या बाजूला राहिले आणि त्यांची मीटिंग होती वर.

मग काय विचारता! हेडक्लार्क म्हणाले डावीकडे घ्या, टायपिस्ट बाई म्हणाल्या उजवीकडे, रोखपाल म्हणाले तिरकं करा. साहेब खालून सगळ्यांवर डाफरत होते आणि मी वरून साहेब सोडून बाकी सगळ्यांवर. कपाटाला हात मात्र कुणाचाच नव्हता. असे दोन तास गेले.

जिना पुसणाऱ्या मावशी बादली घेऊन वरच्या पायरीवर उभ्या होत्या. वीस वर्षं तो जिना त्यांच्या फडक्याखालून गेलेला. त्या मला हळूच म्हणाल्या, "ऐकशील का माझं?"

खरं सांगतो, मला रागच आला. नेता मी होतो ना! पण चार वाजत आले होते, आणि पत्र हातचं जाणार होतं.

"सांगा, मावशी."

"दारं काढ, कपाट उभं कर, खाली ओलं फडकं घाल. आणि ह्यांना आधी गप्प कर."

सगळ्यांना गप्प केलं. दारं काढली. उभं कपाट फडक्यावर गर्रकन वळलं आणि चार मिनिटांत दुसऱ्या मजल्यावर! टाळ्या काय, शिट्ट्या काय! मी तर हेडक्लार्कना मिठीच मारली. मोकळे झालेले साहेब वर जाता जाता एवढंच म्हणाले, "पत्र मावशींकडून घे."

आधीचा निबंध मी फाडला आणि घडलं तसं लिहिलं. मावशींनी पायरीवर बसून पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं, मला काही दाखवलं नाही. पाचाला पाच कमी असताना मी धापा टाकत अर्ज दिला.

मुलाखतीत अध्यक्षांनी ते पत्र मोठ्यानं वाचलं: 'जिन्यात सात जण हुकूम सोडत होते. त्यातल्या ह्या एकानंच शेवटी ऐकलं.'

निवड झाली! मी उड्या मारत घरी आलो आणि आईला पत्रातली वाक्यं अभिमानानं म्हणून दाखवली.

आईनं पलंगाकडे पाहिलं. टॉवेल तिथंच होता.

"त्या मावशींना एकदा घरी घेऊन ये," ती म्हणाली.