सर गेले

चिमणी ज्या दिवशी कॉलेजात गैरहजर होती, त्याच दिवशी ती वर्गप्रतिनिधी म्हणून बिनविरोध निवडून आली. हजर असलेल्यांपैकी कुणालाच ती कटकट नको होती.

घरी मात्र आनंदीआनंद झाला. मामा तर खास भेटायला आला. त्याच्या हाताखाली ऑफिसात चार-पाच माणसं होती, त्यामुळे नेतृत्व या विषयावर तो कुणालाही, कधीही, न विचारता सांगत असे.

"हे बघ," मामा म्हणाला, "पुढाऱ्याने पाल्हाळ लावायचं नाही. निरोप द्यायचा तो दोन शब्दांत. कुणी प्रश्न विचारले तर तुटक उत्तर द्यायचं आणि फोन ठेवायचा. जितकं जास्त बोलशील, तितकी किंमत कमी."

"आणि कुणाला कळलंच नाही तर?"

"ते त्यांचं काम!"

चिमणीने हे मनावर घेतलं, आणि आठवडाभरातच संधी चालून आली. अर्थशास्त्राचे सर संध्याकाळी तिला बसथांब्यावर भेटले. सोबत बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, होत्या, दोन बॅगा होत्या. परगावी नोकरीला लागलेल्या मुलाकडे ते अचानक निघाले होते. "उद्या तास नाही, वर्गाला कळव," असं सांगून, जाता जाता अभ्यासाचंही बजावून सर बसमध्ये चढले.

चिमणीने तिथेच उभ्या उभ्या वर्गाच्या ग्रुपवर निरोप टाकला: "सर गेले. उद्या अर्थशास्त्र नाही."

दोन शब्द सांगितले होते, पाच झाले. पण पहिलाच निरोप होता. ती खूश होऊन घरी निघाली, तोच ढोलचा फोन आला. वर्गातल्या या मैत्रिणीला ढोल म्हणत, कारण तिच्या कानावर पडलेली गोष्ट गावभर वाजायची.

"चिमणे, सर गेले?"

"हो."

"अगं पण कशाने?"

"बसने."

"बाप रे! आणि बाई?"

"दोघं बरोबरच गेले. मुलगा मागच्या वर्षी गेला ना, त्याच्याकडे."

मग ढोलने घोगऱ्या आवाजात विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"सरांनीच. जाता जाता."

"तू होतीस तिथे? शेवटी काय म्हणाले गं?"

"म्हणाले, चौथं प्रकरण वाचून ठेवा."

ढोलला हुंदका फुटला. चौथं प्रकरण फारच अवघड होतं, त्यामुळे चिमणीला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाल्हाळ नको म्हणून तिने फोन ठेवला, आणि मामाच्या शिकवणीच्या एक पाऊल पुढे जाऊन बंदच करून टाकला.

ढोल वाजला. प्राचार्यांच्या कानावर बातमी गेली तेव्हा त्यांनी खात्री करायला सरांना फोन लावला. सरांचा फोन प्रवासात चार्जिंग संपून बंद पडला होता. प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शोकसभा जाहीर केली.

सकाळी चिमणी कॉलेजात पोचली तर सभागृह खच्चून भरलेलं. मंचावर सरांचा फोटो. मागच्या वर्षीच्या ग्रुप फोटोतून कापलेला, त्यामुळे खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला होता. फोटोपुढे फुलं. ती धावत प्राचार्यांकडे गेली.

"सर, घोटाळा झालाय! आपले सर गेलेले नाहीत!"

प्राचार्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "खरं आहे बाळ. अशी माणसं जात नसतात."

"तसं नाही, ते जिवंत आहेत!"

"आपल्या सगळ्यांच्या मनात."

"नाही हो, मुलाकडे आहेत!"

"हो ना," प्राचार्य म्हणाले. "तिघं एकत्र आहेत, एवढंच समाधान. तू धीर धर. वर्गाची प्रमुख तूच खचलीस तर कसं चालेल?" आणि त्यांनी तिला मंचावर नेऊन शेजारच्या खुर्चीत बसवलं.

माईकवर संख्याशास्त्राचे सर उभे होते. स्टाफरूमच्या खिडकीवरून त्यांचं आणि अर्थशास्त्राच्या सरांचं कित्येक वर्षं वैर होतं. एक ती उघडायचा, दुसरा लावायचा.

"त्यांच्यासारखा शिक्षक या कॉलेजात झाला नाही," संख्याशास्त्राचे सर रडत म्हणाले. "आज ती खिडकी मी माझ्या हाताने सताड उघडली आहे. ती आता कधीच लागणार नाही!"

सभागृहात हुंदके सुरू झाले. चिमणीने खुर्चीतच आपला बंद फोन सुरू केला आणि सरांना लावला. घंटी वाजली. ती ताडकन उठली, संख्याशास्त्राच्या सरांना चक्क बाजूला सारलं आणि फोन माईकला टेकवला.

"हॅलो!" सरांचा खणखणीत आवाज सभागृहभर घुमला. "काय गं, चौथं प्रकरण वाचलं का?"

मागच्या बाकावरून कुणीतरी किंचाळलं. प्राचार्य खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. संख्याशास्त्राच्या सरांनी डोळे पुसले, रुमालाची घडी घातली आणि ते तरातरा मंच उतरले.

"अहो, कुठे निघालात?" प्राचार्यांनी विचारलं.

"खिडकी लावायला."

"एवढा गलका कसला ऐकू येतोय?" फोनमधून सर म्हणाले.

आता मात्र दोन शब्दांत भागण्यासारखं नव्हतं. चिमणीने पहिल्यापासून सगळं सांगितलं. बस सांगितली, बाई सांगितल्या, फुलंही सांगितली. "चूक माझी आहे सर. मी नीट सांगितलं नाही. सगळ्यांसमोर माफी मागते."

सरांनी आधी वेगळंच विचारलं.

"सभागृह भरलंय?"

"हो सर. काही जण उभे आहेत."

"माझ्या तासाला सात जण असतात," सर पुटपुटले. मग हळूच विचारलं, "खिडकीवाला काय बोलला?"

"तुमच्यासारखा शिक्षक झाला नाही म्हणाले. रडत होते."

पलीकडे सर कुणाला तरी 'टीव्ही बंद कर' म्हणाल्याचं ऐकू आलं.

"अजून कितीजण बोलायचे राहिलेत?"

"सहा, सर."

"मग त्यांचा कशाला हिरमोड करतेस? फोन असाच धर, आणि कुणाला उठू देऊ नकोस."

चिमणीने सभागृहाकडे पाहिलं. पळवाट शोधत निम्मे लोक उभे राहिले होते. उपप्राचार्य तर दारापर्यंत पोचले होते.

"बसा!" ती म्हणाली.

सगळे बसले. चिमणीला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. पण तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही, आणि पुढचे वक्ते म्हणून उपप्राचार्यांचं नाव पुकारलं.