बुडाखालचा त्रिकोण

आमच्या गावात प्लास्टिकचं विज्ञान समजलेला माणूस एकच आहे, आणि तो मी आहे. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही!

त्याचं असं झालं, औंढ्याला एक दिवसाचं शिबिर होतं. गावातून एक माणूस पाठवायचा होता. ऐन सोयाबीन काढणीत ज्याच्यावाचून कुणाचं अडणार नाही असा माणूस शोधला, तेव्हा एकमतानं माझी निवड झाली. तिथं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, लहान लेकरांचं गरम अन्न प्लास्टिकच्या भांड्यात ठेवू नका. त्यातली काही रसायनं अन्नात उतरतात, आणि वाढत्या अंगाला त्यांचा धोका मोठ्या माणसापेक्षा जास्त. डबा उलटा करायचा, बुडाखाली त्रिकोण असतो, त्यात आकडा असतो, तो बघायचा. शेवटी गळ्यात घालायला 'प्लास्टिकमुक्ती दूत' असा चकचकीत बिल्ला मिळाला. जेवणही बरं होतं.

मी घरी आलो तो निश्चय करूनच. माझी लेक मोहिनी सहा महिन्यांची. गुरुवारी तिची उष्टावण होती. म्हणजे मामानं मांडीवर घेऊन भाचीला खिरीचा पहिला घास भरवायचा. त्या घासाला मी प्लास्टिकचा वाराही लागू देणार नव्हतो! बाई फक्त 'गरम अन्न' म्हणाल्या होत्या, हे खरं. पण अर्धवट काम आपल्याला जमत नाही.

आई आमंत्रणं द्यायला बाहेरगावी गेली होती. मी एकेक डबा उलटा करायला लागलो.

"आवं, काय करून राहिले?" राधिकानं, म्हणजे बायकोनं विचारलं.

"त्रिकोण बघून राहिलो."

"त्या डब्यात तिखट हाय!"

"व्हतं," मी म्हणालो.

दुपारपर्यंत घरातलं तिखट, हळद, साखर आणि शेंगदाणे जुन्या पेपरांवर ओळीनं बसले होते, आणि राधिका माझ्याशी बोलत नव्हती. डबे, बादल्या, जग, मग, सगळं भंगारवाल्याच्या गाड्यावर गेलं. त्यानं बदल्यात लसूण दिला, तोही प्लास्टिकच्या पिशवीत! मी पिशवी परत केली आणि लसूण रुमालात बांधून आणला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

मग लक्षात आलं, की हट्ट्याहून सासरची पन्नास माणसं येणार आणि वाढायची सगळी भांडी आता लसूण झालेली! मी शेजारच्या पार्वतीबाईंकडं स्टीलचं मोठं पातेलं मागितलं.

"पंचफुलाबाईला इचारलं का?" त्यांनी माझ्या आईचं नाव घेतलं.

"आई गावाला गेली. घरचंच समजून द्या की!"

"तुमच्या घरचंच म्हना," असं म्हणून त्या पदर तोंडाला लावून हसल्या. चांगल्या स्वभावाची बाई आहे, असं मला वाटलं.

आई परतली ती पातेलं बघून दारातच थबकली.

"शिवप्रसाद, हे पाहुन्यांसमोर आनू नको."

"काहून?"

"म्हनलं ना, आनू नको!"

आईला विज्ञान कळत नाही, म्हणून मी तिला जास्त त्रास दिला नाही.

गुरुवारी हट्ट्याची मंडळी आली. माझ्या सासूबाई शकुंतलाबाई, त्यांना मी मामी म्हणतो, पुढं बसल्या. मेव्हणा संतोष पाटावर बसला. शेजारी खीर, मामींनी आणलेली चांदीची वाटी, सगळं तयार. मोहिनी माझ्या कडेवर, बिल्ला माझ्या गळ्यात. अशी संधी पुन्हा कधी येणार? मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो.

"मंडळी, लेकराच्या पोटात काय चाललं ते भांड्याच्या बुडावर कळतं!" मी ते रिकामं पातेलं एका हातानं उलटं धरलं. "बघा, कुठं त्रिकोण हाय का?"

सगळे वाकून बघू लागले. आईनं डोळे मिटले.

"न्हाई! नुसती नावं कोरलेली हायत!" आणि मी खणखणीत आवाजात वाचलं, "'चि. सौ. कां. राधिका हिस, आईकडून.' त्याच्यावर आडवी रेघ. खाली, 'पार्वतीबाई यांना गृहप्रवेशानिमित्त, पंचफुलाबाईकडून सप्रेम भेट!'"

वाचून झाल्यावर मला अर्थ लागला. आधी अर्थ लावावा आणि मग वाचावं, हे शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं.

"ईनबाई," मामी आपल्या विहिणीकडं, म्हणजे माझ्या आईकडं वळून सावकाश म्हणाल्या, "हे पातेलं म्या लेकीच्या लग्नात दिलतं. खास हिंगोलीहून आनलं व्हतं."

"तसं न्हाई, ईनबाई..." आई म्हणाली.

"मंग कसं?"

आईनं पातेलं माझ्या हातून ओढून घेतलं आणि सरळ करून ठेवलं.

"संतोष, गाडी काढ!"

"आई, पन घास..."

"जिथं आपल्या भांड्याची कदर न्हाई, तिथं कशाचा घास? ऊठ!"

संतोषनं खिशातून चावी काढली. मामाच गेला तर उष्टावण कसली! राधिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या गोंधळात शहाण्यासारखी गप्प होती ती एकटी मोहिनी. मला लेकीचा फार अभिमान वाटला.

आता मामींची समजूत घालणं माझ्याकडंच आलं. त्यांच्या वस्तूचं कौतुक करावं म्हणून मी ती वाटी उचलली.

"मामी, ही तुमची वाटी बघा! अस्सल चांदी! हिला त्रिकोणाची भीतीच न्हाई!"

आणि सवयीनं ती उलटी केली. बुडाखाली बारीक अक्षरं होती. माझ्या तोंडाला कोण आवरणार?

"'चि. सोमेश्वरच्या उष्टावणीस, आत्याकडून.'"

सोमेश्वर म्हणजे संतोषचा मुलगा. त्याची आत्या म्हणजे राधिका. म्हणजे चार वर्षांपूर्वी आम्हीच दिलेली वाटी पाहुणचार घेऊन परत आली होती!

आईनं पदर सारखा केला.

"बसा ईनबाई," ती इतक्या गोड आवाजात म्हणाली, की माझ्याशी कधी तशी बोललेली नाही. "खीर गार होऊन राहिली."

"बसलेलीच हाय की," मामी म्हणाल्या. "म्या कुठं चालले व्हते?"

संतोषनं चावी खिशात टाकली. मी सुटकेचा श्वास सोडून मोहिनीला त्याच्या मांडीवर दिलं. त्यानं खिरीचं बोट तिच्या ओठांपाशी नेलं आणि तो तसाच थांबला.

"दाजी," तो म्हणाला, "हिचं तोंड रिकामं न्हाई."

माझ्या गळ्यातली दोरी ताणली गेली होती. दुसऱ्या टोकाला मोहिनी होती. तिनं बिल्ल्याचा एक कोपरा चघळून चघळून पांढरा केला होता आणि तो सोडायला ती तयार नव्हती. बिल्ला उलटा करून बघायचं मला कधी सुचलंच नव्हतं. राधिकानं केला. ती चार दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"आवं, त्रिकोण हाय."

बिल्ला आता उंच खिळ्यावर टांगलेला आहे. परवा भंगारवाल्याला दाखवला. त्यानं उलटसुलट करून बघितला, कोपऱ्यावरच्या खुणा बघितल्या आणि परत दिला. म्हणाला, याच्यावर लसूण येत नाही.