गल्लीवरून गेलेली वायर

बाजीराव तात्या कुणाच्याही दारात आले की आधी विचारायचे, "लाइन मोकळी हाय का?" घरात दोन माणसं बोलत असली, तर "एंगेज हाय" असं स्वतःशीच म्हणून उंबऱ्यावरूनच माघारी फिरायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा यायचे. स्वतःचं बोलणं संपलं की "ठेवतो" म्हणून चालू लागायचे. तुमचं वाक्य अर्धं राहिलेलं असलं तरी.

वडगाव निंबाळकरच्या शाळेवर माझी बदली झाली, तेव्हा आम्ही तात्यांच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं. आम्ही म्हणजे मी, कारखान्यात नोकरीला असलेले आमचे हे, आणि चौथीतली मनू. तात्या टेलिफोन खात्यात लाइनमन होते. बारामतीपासून इंदापूरपर्यंतचे खांब चढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, पण खांब काही डोक्यातून उतरले नाहीत. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "तात्या, शाळा इथून किती लांब आहे?"

"चौदा खांब," ते म्हणाले. "वढ्याकडनं गेलात तर अकरा. पर तितला एक वाकलाय."

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, पकड असायची. घरात कॅलेंडरच्या जागी वायरींची वेटोळी टांगलेली. सैल वायर दिसली की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. लोणी भापकरला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना दुसऱ्याच कडव्याला कर्णा बंद पडला. भटजींनी उरलेली मंगलाष्टकं घसा ताणून म्हटली. नंतर कळलं की स्टेजमागे तात्यांनीच वायर तोडून नव्याने जोडायला घेतली होती.

"अहो, अक्षता पडेपर्यंत तरी थांबायचं," मी म्हणाले.

"जोड कच्चा हुता, बाई. लगीन कुठं पळून जात हुतं?"

गल्लीच्या पलीकडच्या घरात मारुती आबा राहायचे. तात्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. आबांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. उभ्या आयुष्यात दरवर्षी कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचं, असा त्यांचा नेम. आता मुलं शेती करत होती आणि गोठ्यात दोन गाई होत्या. त्या गोठ्यातच पाय घसरून आबांच्या खुब्याचं हाड मोडलं. बारामतीला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चालायची चौकट दिली आणि रोज थोडं थोडं चालायला सांगितलं. आबांनी चौकटीकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. सुनेला, शांतावहिनीला, त्यांनी सांगून ठेवलं, "माझ्याकडं कुणाला आनू नको. असला मी कुनाला दिसाया नको."

तात्या दोनदा गेले. दोन्ही वेळा आबांनी चादर तोंडावर ओढून घेतली. तिसऱ्यांदा तात्या दारापर्यंत गेले आणि काही न विचारता परत आले.

त्याच सुमारास आमच्या ह्यांनी बारामतीहून मनूसाठी टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम आणला. एक डबा, त्याला दोन रिमोट, त्यात घालायची एक कॅसेट. एका शनिवारी मनू आणि तिची मैत्रीण रणगाड्यांचा खेळ खेळत बसल्या होत्या. दोघींनी मिळून आपला विटांचा किल्ला राखायचा आणि वरून येणारे शत्रूचे रणगाडे उडवायचे. तात्या दारात आले. आत चांगलाच गोंगाट होता, पण त्या दिवशी ते माघारी फिरले नाहीत. पडदा त्यांनी बघितलाच नाही. डब्यातून निघालेल्या दोन वायरींकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"बाई, ह्या वायरा एवढ्याशाच का?"

"जवळ बसूनच खेळायचं असतं ना, तात्या."

"असं कुठं लिवलंय?" ते म्हणाले. "पोरगी शाळंत आसती तवा हा डबा मोकळाच आसतोय न्हवं?"

सोमवारपासून डबा दुपारचा तात्यांकडे जाऊ लागला. म्हातारपणी काय खूळ लागलं, असं म्हणून आम्ही घरात खूप हसलो. तात्यांच्या घरी तसं कुणी नव्हतं. काकू जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी लांब सासरी. दिवसभर घरातून फक्त पकडीचा आवाज यायचा.

चौथ्या दिवशी गल्लीवर वायर दिसली. एक नव्हे, दोन. एक काळी जाड, टीव्हीच्या चित्राची. दुसरी बारीक, आत पाच रंगांच्या तारा असलेली, रिमोटची. तात्यांच्या खिडकीतून निघून बांबूवरून त्या आबांच्या खिडकीत शिरल्या होत्या. तेव्हा कुठे मला उलगडा झाला.

शांतावहिनी सांगत होती, "दारातनंच रिमोट माझ्या हातात दिला. म्हनले, आबाला सांग, लाइन तपासायची हाय. त्येनं फकस्त बटनं दाबायची. खेळ न्हाय, काम हाय."

आबांनी काम म्हणूनही रिमोट हातात घेतला नाही. पहिले दोन दिवस तो उशाशी पडून होता. त्यात वायरीचंही जमेना. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मुंग्या गेल्या तर वहिनीने उजवीकडचं बटण दाबल्यावर रणगाडा वर जायचा. तात्या सगळे जोड सोडून पुन्हा बांधायचे. तिसऱ्या दिवशी उसाची ट्रॉली गल्लीतून गेली आणि दोन्ही वायरी मोळ्यांत अडकवून पार चौकापर्यंत घेऊन गेली. तात्या मागून चालत गेले, ट्रॅक्टरवाल्याला थांबवलं, वायर सोडवली आणि त्यालाच समजावून सांगितलं, "तुजी चूक न्हाय. मीच खाली वढली हुती." मग त्यांनी बांबू बदलले. इतके उंच केले की त्याखालून उसाची ट्रॉली काय, देवळाची काठीसुद्धा गेली असती.

नंतर चित्र स्वच्छ आलं. आबांच्या खोलीतल्या टीव्हीवर दोन रणगाडे उभे राहिले. एक तात्यांचा, तो इकडेतिकडे भिंतींना धडकत होता. दुसरा नुसता उभा. वहिनी म्हणाली की आबा बराच वेळ बघत होते. किल्ल्याच्या अगदी जवळ एक शत्रू आला आणि तात्या भलतीकडेच गोळ्या घालत होते, तेव्हा आबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आरं, डावीकडनं लांडगा आलाय. ह्याला कवा दिसनार?"

आणि त्यांनी रिमोट उचलला.

त्यानंतर दुपारी तीनचा नेम पडला. मनूला खेळाचा कंटाळा आला होता, डबा आता तात्यांकडेच राहायचा. वीज असेल त्या दिवशी तात्या आपल्या घरी डबा चालू करायचे आणि पलीकडे आबांचा टीव्ही जिवंत व्हायचा. आबांना शत्रूचे रणगाडे म्हणजे लांडगे आणि विटांचा किल्ला म्हणजे मेंढरांचा वाडा. "हुर्र, हुर्र" अशी हाळी मी शाळेतून येताना गल्लीत ऐकायची. तात्या तसे अगदीच वाईट खेळायचे. पण आबा आता उशीला टेकून बसायचे. मग पाय खाली सोडून बसायला लागले. एक दिवस वहिनीला म्हणाले, "चौकट जरा हिकडं सरकव. हात ठेवाया बरी पडती." चालायला मात्र अजून तयार नव्हते. तात्यांनीही एकदाही त्यांच्या घरात पाऊल टाकलं नाही.

"आता तरी जा की भेटायला," मी एकदा म्हणाले.

"त्येनं बोलवलं न्हाय," तात्या म्हणाले. "रोज भेटतोय की आमी."

थंडीतल्या एका शनिवारी शाळा सकाळची होती, म्हणून दुपारी मी घरी होते. दळण निवडत ओट्यावर बसले होते. तीन वाजले. आबांची हाळी आली, मग एकदम थांबली. थोड्या वेळाने आबांचा आवाज आला, पण खेळातला नव्हता.

"बाजीराव, तुजा हालंना का?"

मी लक्ष दिलं नाही. मग समोरच्या दारात लोखंड आपटल्याचा आवाज झाला. मान वर केली तर आबा. दोन्ही हातांत चौकट धरून उंबऱ्याशी उभे होते, पायांत वहाणा नव्हत्या. मागे वहिनी घाबरून हात पुढे धरून उभी. आबांनी तिला मानेनेच बाजूला केलं. चौकट पुढे, मग एक पाय, मग दुसरा. गल्लीत चार माणसं थांबून बघत होती. आबांनी कुणाकडेही बघितलं नाही. ती गल्ली ओलांडायला त्यांना इतका वेळ लागला की मी हातातलं सूप कधी खाली ठेवलं, मलाच कळलं नाही. मी धावत जाऊन तात्यांचं दार ढकललं.

टीव्ही चालू होता. किल्ला कधीच पडला होता. तात्या खाली सतरंजीवर घोंगडं पांघरून पडले होते. कपाळाला हात लावला तर चटका बसला. दोन दिवस ताप होता. आम्ही भिंतीला भिंत लावून राहत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

वहिनीला मागे घेऊन आबा आत आले. खुर्चीवर टेकले. चौकट बाजूला ठेवली.

"ताप हाय आन् डबा लावून पडलायस?"

"तीन वाजलं हुतं," तात्या डोळे न उघडता म्हणाले. "तू वाट बघत आसशील."

"मला कळवायचं न्हाय?"

तात्यांनी घोंगडं वर ओढून घेतलं. मग हळूच म्हणाले, "कळवून कुनाला तरास द्यायचा? समदी कामात असत्यात."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मला मान खाली घालावी लागली. त्यांनी वहिनीकडून ओलं फडकं मागून घेतलं, घडी केली आणि वाकता येत नव्हतं तरी वाकून तात्यांच्या कपाळावर ठेवलं. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली. फडकं कोमट झालं की ते वहिनीकडे द्यायचे, पुन्हा गार करून घ्यायचे.

मी पेज करायला उठले. दारापर्यंत गेले तेव्हा आबांनी हाक मारली.

"बाई, दोघांपुरती करा. मीबी हितंच जेवनार हाय."