कोरडं लुगडं

आमच्या शेजारचा भागवत रोज सकाळी वाळलेलंच लुगडं पुन्हा तारेवर वाळत घालतो. कोरडं खडखडीत! सांजच्याला घडी करून आत नेतो.

"अरे, वेड लागलं का तुला?" मी एकदा विचारलंच.

"फडफड बघतोय, बाई. अभ्यास हाय माझा."

शिरूर कासारला चौथीत मीच याला शिकवलं, म्हणून मी अजून 'बाई'. आता चौतिशीतला हा बाप्या बंगळुरूला विमानशास्त्रात पीएचडी करतोय. विषय एकच: वाऱ्यात विमानाचा पंख फडफडतो कसा आणि फडफडून मोडतो कधी. नऊ वर्षं झाली. गेल्या साली आई गेली तेव्हा गावी आला आणि इथूनच प्रबंध पाठवला. परत जायचं नावच नाही.

या फडफडीपायी त्यानं गावाला वात आणला. एका लग्नात ऐन मंगलाष्टकात ओरडला, "मांडव धरा! लई फडफड हाय!" लोकांनी यालाच धरून बाहेर काढलं. मग पंगत बसली आणि मांडव वरणभातावर आला. तेव्हापासून लग्नघरचे लोक आधी याला बोलावतात. हा बोट ओलं करून वर धरतो, दोऱ्या आवळायला लावतो आणि वाटीभर बुंदी खाऊन येतो.

मागच्या महिन्यात त्याच्या बंगळुरूच्या मार्गदर्शक मॅडमनी निर्वाणीचं कळवलं. तोंडी परीक्षेला ये, नाहीतर नऊ वर्षं पाण्यात. भागवत पिशवी घेऊन माझ्या दारात उभा.

"बाई, चार दिवस तेवढं लुगडं तुमी तारेवर घालाल का?"

"प्रबंध झाला ना रे? आता कशाला ती फडफड?"

त्यानं मान खाली घातली.

"फडफडीचं न्हाई, बाई. आई ऊसतोडीला गेली की मी शाळेच्या वसतिगृहात. घराला कुलूप. दर शनिवारी पळत गल्लीच्या कोपऱ्यावर यायचो. तारेवर लुगडं दिसलं की आई आली. न्हाई दिसलं की तिथूनच माघारी."

शनिवारी वर्गातून पळतो म्हणून मीच याला उठाबशा काढायला लावायचे. कुठं पळतोस, एवढंसुद्धा कधी विचारलं नाही, मेलीनं. फार लाज वाटली मला.

तीन दिवस लुगडं घातलं. चौथ्या दिवशी ते धुळीनं माखलेलं दिसलं, म्हणून धुऊन, पिळून तारेवर टाकलं. दुपारी भागवत कोपऱ्यावर आला. तारेकडं बघितलं आणि पिशवी सावरत पळतच सुटला, थेट तारेपाशी. पदराला हात लावला अन् दचकला.

"बाई, ओलं हाय!"

"धुतलंय रे मी."

त्यानं ओल्या पदरात तोंड खुपसलं.

"कवा आलीस गं?" तो हुंदके देत म्हणाला. "आई, झालो गं मी डॉक्टर."