न वाजणारं नाणं

भंडाऱ्याच्या बाजारात भांड्यांचं दुकान असलेल्या देवाजीकाकांनी आपल्या बिटकॉइनच्या खात्याचे बारा गुप्त शब्द एका पितळी गुंडावर, म्हणजे पाणी भरायच्या मोठ्या भांड्यावर, कोरून घेतले आणि तो गुंड दुकानात दर्शनी ठेवला. पुण्याच्या मुलानं बजावलं होतं, हे शब्द पक्के लिहून ठेवा. भांडेवाल्याला पितळेहून पक्कं ते काय? ती इंग्रजी अक्षरं पाहून कोणी विचारलंच, तर काका सांगत, "फॉरेनची ऑर्डर आहे."

माझं शिवणकामाचं दुकान त्यांना लागूनच. हा माणूस प्रत्येक गोष्ट बोटाच्या पेरानं वाजवून घेतो. घागर, टरबूज, नवीन दार. साखरपुड्यात जावयाच्या पाठीवरही टकटक झाली होती. त्यांनी "येथे बिटकॉइन चालते" अशी पाटी लावल्यावर बाजार हसणारच. समोरचा केळीवाला रोज टोचायचा, "काका, वाजवून दाखवा ना एकदा."

काका शांतपणे विचारत, "तुया बँकेतला पैसा तू वाजवून पाह्यला काय?"

हळूहळू हसणारेच त्यांच्या ओट्यावर बसून भाव विचारू लागले. घ्यायचं धाडस कोणी करेना, पण सत्तरीतल्या या माणसानं अख्ख्या बाजाराला विचार करायला लावला, याचं मला अजून नवल वाटतं.

परवा जवाहरनगरचं एक जोडपं आलं. गृहप्रवेशासाठी दुसरा एक कोरा गुंड पसंत केला. पाटी वाचून नवऱ्यानं फोन काढला आणि म्हणाला, बिटकॉइनच देतो. मी मशीन थांबवून तिकडे गेले. केळीवालाही आला.

काका म्हणाले, "आज नेटवर्क नाही. नगदी द्या."

नेटवर्क चांगलं होतं. माझ्या गिऱ्हाइकानं आत्ताच फोनवरून पैसे दिले होते. जोडपं गेल्यावर मी सरळ विचारलं, "काका, एवढी पाटी लावली, मंग काहून नाही म्हटलं?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलगा होता. पूर्वी तो फक्त दिवाळीला फोन करायचा. हे नाणं शिकवायला लागल्यापासून रोज संध्याकाळी करतो.

"बाबा, आलं का कोणी? जमलं?"

काकांनी फोन त्या कोरलेल्या गुंडाला टेकवून उभा केला, चष्मा पुसला आणि स्टूल पुढे ओढलं.

"नाही ना बाप्पा. समजूनच नाही राहिलं मले. पहिल्यापासून सांग."

मुलगा सांगू लागला. त्याचा आवाज पितळेत घुमत होता. केळीवाला काही बोलणार, तेवढ्यात मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.